डेझर्ट रोडवरची आठ चाकं

कोळ्याच्या अंड्यांची ती पुडी नऊ मिलिमीटर रुंद होती.

निवेदितानं व्हर्नियर पुन्हा लावून पाहिला. नऊच. मळकट पांढऱ्या धाग्यांची, बोराएवढीही नसलेली पुडी, टायरच्या दोन रबरी ठोकळ्यांमधल्या खाचेत तळाशी चिकटलेली. वर धुळीचा पातळ थर. एका बाजूला टाचणीनं टोचल्यासारखी भोकं. पिल्लं कधीच बाहेर पडून गेली होती.

तिनं फोटो काढला, वहीत आकडा लिहिला, आणि मग उठून उभी राहिली. गुडघे गारठून आखडले होते. न्यूझीलंडमधल्या ताइहापे गावाबाहेरच्या टोइंग यार्डात शुक्रवारी सकाळी दहा वाजता तापमान दोन अंश होतं. उत्तरेला रुआपेहू डोंगर असायला हवा होता. तिथं फक्त शिशाच्या रंगाचं आभाळ होतं.

समोर ट्रक उभा होता. पुढे दोन चाकं, मागे जोडीजोडीनं आठ. केबिनचा डावा कोपरा कागदासारखा चुरगळला होता.

मंगळवारी, उजाडता उजाडता, हा ट्रक टौरंगाहून पोरिरुआकडे येत होता. रुआपेहूच्या पायथ्याच्या, बर्फाळ डेझर्ट रोडच्या एका साध्या वळणावर तो सरळ गेला. समोरून येणाऱ्या गाडीतला ओहाकुनेचा एक प्लंबर जागीच गेला. ट्रकचा ड्रायव्हर टामा, वय एकोणसाठ, बत्तीस वर्षं याच रस्त्यावर, डोक्याला आणि बरगड्यांना मार लागून इस्पितळात होता.

"काय म्हणतात टायर, डॉक्टर?" सार्जंट पराता हात चोळत जवळ आला. अंगानं आडवा, आवाजानं मऊ माणूस. निवेदिता वेलिंग्टनच्या प्रयोगशाळेत रबराची तज्ज्ञ; तिला त्यानंच बोलावून घेतलं होतं.

"हिवाळी टायर मागच्या आठ चाकांनाच चढवतात, आणि हे हिवाळीच आहेत. बाजूवर खूण आहे बघा. तीन शिखरांचा डोंगर, आत हिमकण. गेल्या वर्षी बनलेले. खाचांची खोली नऊ मिलिमीटर. आठही सारखे झिजलेत."

"आणि रबर?"

"मऊ. या थंडीतसुद्धा कडकपणाचा आकडा अठ्ठावन्न येतोय. साधा लांब पल्ल्याचा टायर इथं सत्तरच्या वर गेला असता. थंडीत तो लाकूड होतो. वर या बारीक नागमोडी चिरा बघा. बर्फावर त्या उघडतात आणि धरतात."

"म्हणजे चांगले?"

"या रस्त्यासाठी मीही हेच निवडले असते."

परातानं लांब श्वास सोडला. त्याची वाफ झाली.

"मग आमचा टामा खोटं बोलतोय. किंवा मारामुळे त्याला आठवत नाहीये. तो शपथेवर सांगतो, की ट्रकला उन्हाळी टायर होते. मे महिन्यात, हिवाळ्याच्या तोंडावर बदलायचे ते कंपनीनं बदललेच नाहीत, म्हणे. एकाही ट्रकचे नाहीत. कंपनीकडे तर पाच मेचा सही केलेला फॉर्म आहे, बाराही ट्रकचे बदलल्याचा."

"बाकीचे अकरा ट्रक बघितले?"

"ते टौरंगाला. तिथली माणसं सोमवारी बघतील. पण त्यांचे बदललेले नसले, तरी कंपनीला दंड होईल. माणूस मेला तो या ट्रकखाली. आणि याचे टायर तुम्हीच उत्तम म्हणालात." त्यानं टोपी काढून पुन्हा घातली. "सोमवारी त्याच्यावर आरोप ठेवतोय. वेग जास्त, एक मृत्यू. वर खोटी जबानी. मला आवडत नाहीये, डॉक्टर. त्यानं माझ्या भावाला ट्रक शिकवला."

"मला उद्यापर्यंत वेळ द्या."

"कशाला?"

तिनं खाचेकडे बोट दाखवलं. पराता वाकला.

"कोळी? अहो, यार्डात कोळी असणारच. तीन दिवस उभा आहे ट्रक."

"असेल," निवेदिता म्हणाली. "मंगळवारचे तुमचे फोटो मला पाहायचेत. रस्त्याच्या कडेचे."

फोटो त्याच्या फोनवर होते. करडा उजेड, गोठलेला चिखल, आणि त्यात शेजारी शेजारी धावणाऱ्या दोन चाकांचे ठसे. कंगव्यानं ओढावं तशा प्रत्येकात चार सरळ रेघा. तिनं फोटो मोठा करून रेघा मोजल्या. मग म्हणाली, "हे मला पाठवा. जसेच्या तसे, न कापता."

मागच्या चाकांच्या नटांवर पिवळ्या प्लास्टिकचे बाण बसवलेले होते, एकमेकांकडे टोकं करून. इथल्या प्रत्येक ट्रकवर असतात. नट जरा फिरला तर बाण वाकडा दिसतो. पण प्रत्येक मागच्या चाकाच्या एका नटावर बाणाशिवाय आणखी काहीतरी होतं. खडूच्या दोन बारीक रेघा, समांतर, नटावरून रिमवर गेलेल्या. तिनं त्यांचेही फोटो घेतले.

यार्डाचा मालक ग्रॅहम शेडमध्ये हीटरला चिकटून बसला होता.

"खडू? आमच्याकडे खडू नाही," तो म्हणाला. "मी चाकांना हातच लावला नाही. पोलिसांची पट्टी केबिनला, मी कशाला तिथं जाऊ?"

"आणखी कोणी ट्रकजवळ गेलं होतं?"

"कंपनीचा माणूस आला होता. बुधवारी. छोटा ट्रक घेऊन, म्हणाला टाकीतलं डिझेल काढायचंय, गळतंय. मी म्हटलं काढ बाबा. मला वांगानुईला एक गाडी आणायला जायचं होतं. परत आलो तर निघायच्या तयारीत होता. अर्धा दिवस लागला त्याला."

"डिझेल काढायला अर्धा दिवस?"

ग्रॅहमनं खांदे उडवले.

"दिसायला कसा होता?"

"टोपी, मफलर, चमकणारं जॅकेट. या थंडीत कोण कुणाचं तोंड बघतं? सभ्य होता. मी त्याला मटणाचं गरम पॅटिस दिलं. नको म्हणाला. मग साधं बटाट्याचं दिलं, तेही नको. म्हणे चंद्र उगवल्यावर खाईन." ग्रॅहम हसला. "आभाळ हे असं! मी म्हटलं, मित्रा, तू उपाशी मरशील."

निवेदिता हसली नाही. तिनं वही मिटली.

गाडीत बसून तिनं पोरिरुआला, ट्रकच्या कंपनीत फोन लावला. संग्राम तिथं टायर आणि देखभाल बघायचा. सगळ्या गाड्या त्याच्या हाताखाली. वेलिंग्टनच्या मराठी मंडळात गेली आठ वर्षं तो आणि त्याची बायको स्वप्ना, निवेदिताच्या घरचेच झाले होते. हे तिनं पराताला, त्यानं बोलावलं तेव्हाच सांगितलं होतं. "न्यूझीलंडमध्ये कोण कुणाला ओळखत नाही?" एवढंच तो म्हणाला होता.

"बोल गं," संग्रामचा आवाज थकलेला होता. "झालं का बघून?"

"चाललंय. दोन-तीन गोष्टी विचारायच्यात. टायर कधी चढवलेस?"

"पाच मे. फॉर्म दिलाय ना पोलिसांना."

"नवे?"

"नाही, गेल्या हिवाळ्यातलेच. एक मोसम वापरलेले. उन्हाळाभर शेडमध्ये ठेवतो आपण."

"तेव्हापासून ट्रक किती चालला?"

"पंचवीस हजार किलोमीटर. जास्तच."

"अपघातानंतर तू बघितलास ट्रक?"

"कुठला बघतोय! चार दिवस रस्ता बंद आहे. मी पोरिरुआतून हललोच नाही." मग त्यानं आवाज खाली आणला. "निवेदिता, टामा माणूस चांगला आहे. पण वय झालंय. कधीकधी पाय जड पडतो. तू... तू जे दिसेल ते लिही. मास्तर कसे आहेत?"

मास्तर म्हणजे निवेदिताचे वडील. काशिनाथ.

"बरे आहेत," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर पामरस्टन नॉर्थला ती इस्पितळात थांबली. टामा उशांना टेकून बसला होता. कपाळापासून कानामागे पट्टी. हात पांघरुणावर, पालथे, मोठे, निरुपयोगी झाल्यासारखे.

"किया ओरा," त्यानं माओरीत नमस्कार केला. "तुम्ही टायरवाल्या बाई. मग? मी खोटारडा का?"

"तुम्हाला काय आठवतं ते सांगा."

"वेग सत्तर. वळणाआधी साठ. ब्रेक लावलाच नाही, बर्फावर मी ब्रेक लावत नाही. चांगला टायर थंडीत कुरकुरतो, बाई. आवाज येतो. हा गप्प होता. ओल्या ओट्यावरून ताट सरकावं तसा गेला ट्रक."

"टायर बदलले नव्हते, हे तुम्हाला नक्की ठाऊक आहे?"

"मी रोज निघताना प्रत्येक चाकाला लाथ घालतो. मला ठाऊक नसेल? जूनमध्ये दोनदा विचारलं संग्रामला. दोन्ही वेळा म्हणाला, पुढच्या आठवड्यात, ब्रदर."

"तरी निघालात?"

त्यानं खिडकीकडे मान फिरवली. "हो. ते ओझं माझं आहे. त्या प्लंबरच्या बायकोला मी तोंड कसं दाखवू ते मला कळत नाही. ते मी भोगीन. पण तुम्ही हेराला सांगा."

"हेरा?"

"माझी मुलगी. तीही तिथंच चालवते. उद्या रस्ता उघडतोय. पहाटे ती आणि आणखी दोघं टौरंगाहून निघणार. त्यांचे टायर माझ्यासारखेच आहेत. मी तिला म्हटलं, जाऊ नको. ती काय म्हणाली माहीत आहे?" त्यानं डोक्याच्या पट्टीला हात लावला. "म्हणाली, 'डॅड, तुझ्या ट्रकला हिवाळी टायर होते. पोलिसांनी बघितलेत. टायरनं काही फरक पडत नाही, हळू चालवलं की झालं.' तिला वाटतं, माझं डोकं फिरलंय."

नर्स आत आली. निवेदिता उठली.

"उद्या दुपारपासून तिथं पुन्हा बर्फ पडणार आहे," टामा म्हणाला. "आणि त्याआधी सावलीतल्या वळणांवर आजचा बर्फ असणारच."

ती घरी पोचली तेव्हा काशिनाथ स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी चहा गाळत होते. वेलिंग्टनला आले की त्यांचे सहा महिने याच खिडकीत जायचे. दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये टायर सेक्शनचे ते तीस वर्षं फोरमन होते, आणि अजून कुठल्याही गाडीकडे चाकापासून वर बघायचे.

"जेवलात का, बाबा?"

"खिचडी उरली होती परवाची, साबुदाण्याची. ती संपवली. तुझ्या या गावात संकष्टी करणं म्हणजे शिक्षा आहे. चंद्र काही दिसेना. शेवटी कॅलेंडरातली वेळ बघितली आणि ढगालाच नमस्कार करून जेवलो."

निवेदिताचा हात पर्सच्या चेनवर थांबला. परवा. बुधवार.

तिनं लॅपटॉप उघडला आणि फोटो एकापुढे एक मांडले. काशिनाथ कप घेऊन मागे येऊन उभे राहिले.

"ट्रक कुठला हा? नट बरे आवळलेत," ते म्हणाले. मग वाकले. चष्मा वर केला, खाली केला. "हे मोठं कर."

तिनं केलं. नट, पिवळा बाण, खडूच्या दोन रेघा.

काशिनाथांनी कप टेबलावर ठेवला. त्यातून थोडा चहा सांडला. त्यांनी तो पुसला नाही.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. दमलीयस तू. झोप." ते खोलीकडे गेले. दारात थांबून, पाठमोरेच म्हणाले, "उद्या पोरिरुआला जाणार असशील, तर मी पण येतो."

शनिवारी सकाळी नऊ वाजता डेझर्ट रोड उघडला. निवेदिता तेव्हा गाडीत होती. शेजारी काशिनाथ, कानटोपीत. तिनं पराताला फोन लावून सगळं सांगितलं.

"मी निघालोय," शेवटी तो म्हणाला. "पण पोचायला अडीच तास. तोवर तुम्ही काही बोलू नका."

"तीन ट्रक निघालेत, सार्जंट. रस्ता पुन्हा बंद करता येईल का?"

"कोळ्याच्या एका पुडीवरून मी राज्य महामार्ग बंद करू शकत नाही, डॉक्टर. माझे वरिष्ठ मला विचारतील. मला वेळ लागेल."

"तेवढा वेळ नाहीये," ती म्हणाली.

कंपनीच्या आवाराच्या मागच्या बाजूला पत्र्याची लांब शेड होती. निवेदिता आधी तिकडेच गेली. दोन मिनिटांत परत आली आणि वडिलांना घेऊन ऑफिसचा जिना चढली.

संग्राम एकटाच होता. समोरच्या पडद्यावर न्यूझीलंडचा नकाशा, आणि त्यावर तीन हिरवे ठिपके. ते टौपो सरोवराच्या काठानं खाली सरकत होते. मागच्या भिंतीवर पांढरा फळा. त्यावर लिहिलं होतं, 'हिवाळी टायर – सोमवार'. 'सोमवार'च्या खाली पुसलेल्या तारखांचे पुसट थर दिसत होते, एकावर एक, निळे, काळे, पुन्हा निळे.

"मास्तर!" तो उठला. वाकून नमस्कार करायला लागला. काशिनाथ एक पाऊल मागे सरले.

संग्राम तसाच अर्धवट वाकलेला राहिला.

"बस," निवेदिता म्हणाली. "मी सांगते. चुकलं तर सांग."

तो बसला.

"खाचेत कोळ्याच्या अंड्यांची पुडी होती. पोलिसांना वाटलं, ट्रक यार्डात उभा असताना कोळ्यानं ती केली. पण ती रिकामी होती. पिल्लं निघून गेलेली, वर धूळ बसलेली. या थंडीत त्याला महिनाभर तरी लागतो. आणि तू म्हणतोस तो टायर मंगळवारपर्यंत पंचवीस हजार किलोमीटर फिरला. चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात ती खाच रस्त्याला टेकते, संग्राम. पुडी एक किलोमीटरही टिकली नसती. तो टायर गेले कित्येक महिने हललेलाच नव्हता."

"यार्डात दुसरे..."

"थांब. अपघाताच्या सकाळी कडेच्या चिखलात ठसे उमटले. शेजारी शेजारी दोन चाकं, म्हणजे मागचीच. पुढे जोडी नसते. त्या ठशांत चार सरळ रेघा आहेत. यार्डातल्या टायरना नागमोडी चिरा आहेत. ज्या चाकांवर ट्रक घसरला, ती चाकं आता त्या ट्रकला नाहीत. कुणीतरी आठही बदलली. चोर म्हणावा तर चोर चांगले टायर नेतो, चांगले ठेवून जात नाही. ज्याला ट्रक निर्दोष दाखवायचा होता, त्यानंच हे केलं."

पडद्यावरचे ठिपके सरकले.

"तू म्हणालास, रस्ता बंद होता म्हणून हलला नाहीस. बंद होता तो वायोरू गावाच्या पलीकडे. ताइहापे अलीकडे आहे. तिथला रस्ता एक तासही बंद नव्हता. मी स्वतः काल त्याच रस्त्यानं गेले. बुधवारी तिथं कंपनीचा माणूस छोटा ट्रक घेऊन गेला, डिझेल काढायला म्हणून. अर्धा दिवस काम केलं. मालकानं खायला दिलं तर म्हणाला, चंद्र उगवल्यावर खाईन."

संग्रामनं डोळे मिटले.

"त्या गोऱ्या माणसाला तो विनोद वाटला. बुधवारी संकष्टी होती. या कंपनीत संकष्टी करणारे किती जण आहेत?"

"उपास मोडवेना," तो पुटपुटला. "इतकं सगळं करत होतो, आणि उपास मोडवेना."

काशिनाथ पुढे आले. फळ्याखालचा मार्कर त्यांनी उचलला आणि 'सोमवार' या शब्दावर, हलक्या हातानं, दोन समांतर रेघा ओढल्या.

"हे तुला कुणी शिकवलं?"

संग्राम फळ्याकडे वळला.

"मी शिकवलं. एकोणीस वर्षांचा होतास. वर्षभर माझ्या हाताखाली अप्रेंटिस. पहिला नट आवळला की त्यावर दोन रेघा. का?"

"दुसऱ्या पाळीच्या माणसानं..." संग्राम म्हणाला. "त्यानं तपासताना तिथूनच सुरुवात करावी म्हणून. एकही नट सुटू नये म्हणून."

"माझ्या सेक्शनशिवाय ही रीत कुठंच नव्हती. रात्री फोटो बघितला आणि मला घाम फुटला. चोरून चाकं चढवतानाही तू नट नीट आवळलेस रे. रेघासुद्धा विसरला नाहीस." त्यांनी मार्कर खाली ठेवला. "हात प्रामाणिक राहिला. बाकी कुठं गेलं?"

"आता शेडमध्ये पाहिलं मी," निवेदिता म्हणाली. "बारा ट्रकच्या हिवाळी टायरांसाठी रांगेनं बारा जागा आहेत. अकरा ढीग. बारावी जागा रिकामी आहे, फरशीवर गोल डाग आहेत. कोपऱ्यात ताडपत्रीखाली आठ चाकं आहेत. त्यांच्यावर चार सरळ रेघा आहेत आणि डेझर्ट रोडचा चिखल आहे."

खाली आवारात कुणीतरी फोर्कलिफ्ट चालू केली.

"मे महिना गरम होता," संग्राम बोलायला लागला, फळ्याकडे बघत. "टौरंगाला वीस अंश. मऊ रबर त्या रस्त्यावर खोडरबरासारखं झिजतं. म्हटलं, आठवडाभर थांबू, खरी थंडी पडू दे. तेवढ्यात सुरक्षेची तपासणी आली. फॉर्मवर सही केली. खोटं नव्हतं ते, निवेदिता, पुढच्या सोमवारी करणारच होतो. मग तो सोमवार गेला. नंतर बदलायचे म्हणजे फॉर्म खोटा होता हे सगळ्या ड्रायव्हरांसमोर येणार. रोज हवामान बघायचो. रोज म्हणायचो, आजचा दिवस निघाला."

"आणि मंगळवारी?"

"मंगळवारी माणूस मेला." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "मला वाटलं होतं टामाला फार तर दंड होईल. लायसन्स जाईल. त्याचं वय झालंच आहे."

"सोमवारी त्याच्यावर आरोप ठेवताहेत. आणि ते सोड. तिकडे बघ."

तिनं पडद्याकडे बोट दाखवलं. पहिला ठिपका सरोवराचं टोक ओलांडत होता. त्याच्यावर छोट्या अक्षरात नाव होतं. हेरा.

"तिला बापानं सांगितलं, जाऊ नको. तिनं ऐकलं नाही. कारण तिला ठाऊक आहे, की बापाच्या ट्रकला हिवाळी टायर होते आणि तरीही तो घसरला. म्हणजे टायरनं काही होत नाही. हे तिला तू शिकवलंस, संग्राम. बुधवारी, अर्ध्या दिवसात. तुरांगी गावानंतर डेझर्ट रोड लागतो, मग थांबायला जागा नाही. मी बोलून उपयोग नाही, ती मला ओळखत नाही. पराता अजून वाटेत आहे. या तिघांना थांबवू शकतो असा एकच माणूस आहे."

टेबलावर रेडिओचा माइक होता, काळा, गुंडाळलेल्या वायरीचा. संग्राम त्याच्याकडे बघत राहिला.

"तो सगळ्या गाड्यांना ऐकू जातो," तो म्हणाला. "अकराही. रेकॉर्ड होतं."

"हो."

"नुसतं म्हटलं, हवामान खराब आहे, थांबा..."

"तर ते तिघं दुपारी निघतील," निवेदिता म्हणाली. "आणि हेराचा बाप खोटारडाच राहील."

काशिनाथांनी खुर्ची ओढली आणि ते त्याच्या शेजारी बसले, जसे कधीकाळी नव्या पोराच्या शेजारी स्टूल घेऊन बसत असतील, पान्यावरचा त्याचा हात बघत.

ठिपका तुरांगीच्या नावाला टेकला.

संग्रामनं माइक उचलला. बटण दाबलं. सुरुवातीला फक्त त्याचा श्वास गेला असणार, कारण रेडिओतून एका मुलीचा आवाज आला, "कोण आहे? बोला, हेरा ऐकतेय."

"हेरा, संग्राम बोलतोय. सगळ्यांनीच ऐका." त्याचा अंगठा बटणावर पांढरा पडला होता. "तुरांगीला थांबा. पुढे जायचं नाही. तुमच्या गाड्यांना हिवाळी टायर नाहीत. मे महिन्यात मी ते बदलले नाहीत, नुसती सही केली. टामाच्या ट्रकचेही नव्हते. ते मी नंतर चढवले. हेरा, तुझा बाप खरं बोलत होता. एकही गाडी हलवायची नाही."